हिरवं आणि गार

२ नोव्हेंबर

आज सकाळी नाकाच्या शेंड्याला पहिल्यांदा थंडी कळली, म्हणून वही उघडली. उन्हाळ्यात झाडं आपली आपण वाढतात. माणसाची परीक्षा हिवाळ्यात.

यंदाची परीक्षा जरा कडक आहे. हिची थोरली बहीण, अक्का, काल फोनवर म्हणाली, "भाऊजी, चार हिवाळे झाले. मी दिलेल्या त्याच रोपाचा दुसरा अर्धा माझ्या व्हरांड्यात दरवर्षी फुलतो. यंदा तुमच्याकडे फुललं नाही, तर मार्चमध्ये येईन आणि उचलून घेऊन जाईन. बिचाऱ्याचा वनवास तरी संपेल."

फोन स्पीकरवर होता. लेकही तिच्या गावाहून जोडलेली होती. म्हणजे जाहीर आव्हान.

मी म्हटलं, "फुलेल. आणि तुमच्यापेक्षा मोठं फुलेल."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं. आता घराची खैर नाही."

रोप म्हणजे स्लिपर ऑर्किड. या जातीच्या फुलाचा पुढचा भाग सपातेच्या टोकासारखा असतो, आत पाय घालावा असा. म्हणून आमच्या घरात या सगळ्यांना 'सपाता' म्हणतात. नाव हिने ठेवलं. मी वर्षभर विरोध केला, आता मीही तेच म्हणतो. झोपायच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीशी मी स्वतः बनवलेल्या रॅकवर सगळ्या सपाता आहेत. बाकीच्या वेळच्या वेळी फुलतात. अक्काची तेवढी हट्टी.

मी फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. खाली दुकान, वर घर. कुठल्या संस्थेची पायरी चढलो नाही. उघडून, जोडून, शॉक खाऊन शिकलो. तापमान हा माझा विषय आहे. त्यात व्हरांडावाल्यांनी मला शिकवू नये.

४ नोव्हेंबर

हीटर चालू केला. साधा हीटर नव्हे. एसीचा थर्मोस्टॅट खोली गार झाली की यंत्र बंद करतो. मला गार झाली की चालू करणारा हवा होता. जुन्या एसीतला काढून उलटा जोडला. खोली बावीस अंशांवर बांधून ठेवली आहे, दिवसरात्र. हवा कोरडी पडू नये म्हणून रॅकच्या प्रत्येक फळीवर खडी आणि पाणी भरलेले ट्रे, कुंड्या त्या खडीवर.

पुस्तकं म्हणतात रात्री सोळा-अठरा पुरे. पुस्तकं सरासरी झाडांसाठी असतात. हट्टी झाडाला दोन घास जास्तच भरवावे लागतात.

"लोकांची घरं गार करता आणि आपलं तापवता," ही म्हणाली.

"दोन्ही एकच शास्त्र आहे."

"शास्त्राला म्हणावं, एक चादर काढून घे माझ्या अंगावरची." तिने काढलीच होती.

७ नोव्हेंबर

आज पाट्या लावल्या. इथे नीट लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

सपातांमध्ये ढोबळमानाने दोन घराणी. ज्यांच्या पानांवर ठिपके, नक्षी असते, त्यांना हिवाळ्यातही ऊब लागते. ज्यांची पानं साधी हिरवी असतात, त्यांना रात्री दहा-बारा अंशांपर्यंत गारवा लागतो. तो मिळाला नाही तर पानंच वाढत राहतात, कळी धरत नाही. पान बघून घराणं ओळखायचं. इथेच कच्चे लोक फसतात.

अक्काचं रोप वरवर साध्या हिरव्या पानांचं दिसतं. पण मी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून पान अगदी बुडाशी, मागच्या बाजूने पाहिलं. तिथे जांभळट ठिपके आहेत. बारीक, खसखशीएवढे, पण आहेत. म्हणजे ऊबवालं घराणं. पुठ्ठ्याची पाटी करून कुंडीत खोचली: 'ऊब'.

ही चहा घेऊन आली, पाटी वाचली, पानाकडे बघितलं. "अहो, हे तर हिरवंगार पान आहे."

"भिंगातून बघ."

"भिंग कशाला? हिरवंगार. शब्दातच 'गार' आहे."

झाडं शब्दांवर वाढत नाहीत, असं तिला समजावलं. ती हसली आणि चहाचा कप गालाला लावून उभी राहिली. मग गरम लागला म्हणून लगेच काढला. कप गालाला लावायची ही काय तऱ्हा.

१२ नोव्हेंबर

गंभीर प्रकार. सकाळी खिडकी वीतभर उघडी. किमान तापमान चौदा. कडी सैल असावी. घासून, नवा स्क्रू मारून पक्की केली.

१३ नोव्हेंबर

खिडकी पुन्हा उघडी. स्क्रू जागच्या जागी आहे, कडी शाबूत आहे. वारा खालून वर दाब देत असावा. आता तार गुंडाळली आहे.

दुपारी जेवायला वर आलो तर ही फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी. काही घेत नव्हती, काही ठेवत नव्हती. डोळे मिटलेले. मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या धंद्यात लक्ष घातलं. दाराच्या रबराची पकड कशी तपासायची ते दाखवलं, कागदाची पट्टी दारात धरून. आणि दार असं उघडं ठेवलं की कंप्रेसरवर किती ताण येतो तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या कंप्रेसरला बायको आहे का हो? सुखी असेल."

१५ नोव्हेंबर

ही म्हणते तिला उकडतं. नोव्हेंबरात. मी भिंतीवरचा तापमापक दाखवला. बावीस. बावीसला माणसाला उकडत नाही, हे कुठल्याही एसीवाल्याला विचारावं. तरी खात्री म्हणून तिच्या तोंडात थर्मामीटर दिला. ३६.७. म्हणजे ताप नाही. खोली बरोबर, ताप नाही, तेव्हा उकडत नाही. दोन उपकरणांनी सिद्ध झालं.

ती थर्मामीटर तोंडात धरून काहीतरी म्हणाली. कळलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "बरं झालं कळलं नाही ते."

१९ नोव्हेंबर

अक्काच्या रोपाच्या पाटीवर कोणीतरी एक अक्षर वाढवलंय. 'ऊब'च्या पुढे 'ग'. ऊबग.

घरात आम्ही दोघंच, तेव्हा 'कोणीतरी' कोण ते उघड आहे. मी तिला सांगितलं की शब्द 'उबग' असा आहे. उ ऱ्हस्व. 'ऊब' दीर्घ. एक अक्षर पुढे चिकटवलं की काम भागत नाही, आधीचं अक्षरही बदलावं लागतं.

ती म्हणाली, "तुमच्याशी भांडायचं म्हणजे आधी शुद्धलेखन शिकावं लागेल."

"भांडण कुठे आहे?" मी विचारलं.

२१ नोव्हेंबर

ही दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आहे, या वयात बायकांना असं अचानक उकडतं, घाम फुटतो. वर्ष-दोन वर्षं चालेल. गार जागी झोपा.

डॉक्टरांना झाडांची माहिती नसते. ही खोली सोडून गार जागा घरात एकच, लेकीची रिकामी खोली. उत्तरेची, ऊन नाही, हीटर नाही. तिथे कोण झोपणार?

२२ नोव्हेंबर

ही तिथे झोपायला गेली. उशी, पातळ चादर आणि पाण्याचा तांब्या एवढंच घेऊन.

दारात थांबून म्हणाली, "जगात लोक चपला बाहेर काढतात. आमच्याकडे सपाता आत आणि बायको बाहेर."

मला वाटतं खरं कारण माझं घोरणं असावं. स्वभावाने ती मऊ आहे, तोंडावर सांगणार नाही.

२३ नोव्हेंबर

पलंग एकाएकी रुंद वाटला. सकाळी मोजला. होता तेवढाच आहे.

३० नोव्हेंबर

शास्त्रीय नोंद. प्रत्येक कुंडीच्या काठावर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. तो कायम खिडकीकडे असतो, म्हणजे उजेड एकाच बाजूने मिळून दांडा सरळ येतो. अक्काच्या रोपाचा ठिपका आज भिंतीकडे होता. मी फिरवला नाही. बाकी सगळ्या कुंड्या जागच्या जागी.

२ डिसेंबर

ठिपका आज दाराकडे.

५ डिसेंबर

ठिपका पुन्हा भिंतीकडे. आणि कुंडी सकाळी हाताला गार लागते. बाकीच्या कोमट. मी आंघोळीला जाण्याआधी रॅककडे बघायला विसरतो, चहाच्या नादात. बघतो ते आंघोळीनंतर. उद्या आधी बघायचं ठरवलंय.

६ डिसेंबर

विसरलो. हिने चहाबरोबर खारी बिस्किटं दिली होती.

कुंडीबद्दल माझा निष्कर्ष असा: रोपात जोर आलाय. मुळं कुंडीत वळतात, त्या जोराने कुंडी ओल्या खडीवर तसूतसूने फिरते. आणि गार लागते कारण वाढीला लागलेलं रोप उष्णता ओढून घेतं. कंप्रेसरचंच तत्त्व. हे कुठल्याच पुस्तकात नाही. पुस्तकवाल्यांनी रात्रभर बावीस अंश कधी दिलेच नसतील.

११ डिसेंबर

फुलवालीच्या दुकानातलं फुलांचं थंड कपाट दुरुस्त करायला गेलो होतो. गॅस गळत होता. काम करता करता तिला फिरत्या कुंडीबद्दल सांगितलं. ती देठ कापता कापता थांबली. "स्वतः फिरते?"

"स्वतः."

"घरात आणखी कोण असतं?"

"मी आणि बायको. ती हल्ली दुसऱ्या खोलीत झोपते."

फुलवालीने एक 'हं' काढला. लांब. मग म्हणाली, "मिस्त्री, मला झाडातलं कळत नाही, मी कापलेली फुलं विकते. पण एवढं सांगते, फुलं आणि बायका, दोन्ही गारव्यात टिकतात."

कपाट चांगलं आठ अंशांवर आणून दिलं. तिचं म्हणणं धंद्याच्या अंगाने होतं. तेवढं मी धरून चाललो.

२९ डिसेंबर

कळी आली.

दुसऱ्यांदा लिहितो, हाताला सवय व्हावी म्हणून. अक्काच्या रोपाला कळी आली. मधल्या जून फुटव्यात, दोन पानांच्या बेचक्यात, तांदळाच्या दाण्याएवढी, फिकट हिरवी. आधी भिंगातून पाहिली. मग भिंग काढून पाहिली. तरी होती.

मी ओरडलो असेन, कारण ही हात पुसत धावत आली. मी बोट दाखवलं. ती खाली वाकली, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. माझा दंड धरून म्हणाली, "अगंबाई, धरली की हो."

"बावीस अंश," मी म्हटलं.

तिने दंड सोडला. पण हसतच होती. "हो. बावीस अंश," ती म्हणाली, आणि पदराचं टोक तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आनंद असा प्रत्येकाचा वेगळा.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, अभिनंदन. आईला दे." मग दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मधूनच हसण्याचे आवाज. मी बाजूला बसून 'बावीस अंशांचा सिद्धांत' अशा नावाने अक्कासाठी चार मुद्दे काढले.

३ जानेवारी

फुलवालीला सिद्धांत सांगितला. तिने एक गुलाब फुकट दिला. "घरी नेऊन द्या," म्हणाली. "सिद्धांताला."

घरी नेऊन दिला. ही म्हणाली, "हे काय आता?" आणि पाण्याच्या तांब्यातच लावला. मग तो तांब्या लेकीच्या खोलीत गेला.

१४ जानेवारी

सिद्धांत पक्का मांडायचा तर मोजमाप पक्कं हवं. भिंतीवरचा तापमापक भिंतीचं तापमान सांगतो. म्हणून तारेच्या टोकाचा एक छोटा किमान-कमाल तापमापक अक्काच्या रोपाच्या कुंडीतच बसवला, तार कुंडीतल्या खडीत खोचून, डबी कुंडीच्या मागे चिकटवून. दिसणारही नाही.

१५ जानेवारी

कुंडीतलं किमान: ११.४.

तापमापक बिघडलेला असणार. दुकानात नेऊन बर्फाच्या पाण्यात बुडवला. शून्य दाखवलं, काटेकोर. माझ्याच हाताने तपासलेलं उपकरण, त्याला खोटं ठरवता येत नाही. भिंतीवरचा मात्र म्हणतो रात्रभर बावीस.

एकाच खोलीत दोन हिवाळे. असं होत नाही.

१६ जानेवारी

आज पहाटे जाग आली आणि आधी रॅककडे बघितलं. चहाच्या आधी.

कुंडी नव्हती.

खडीवर तिची गोल जागा कोरडी होती. मी हीटरच्या मागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मग बाहेर आलो. लेकीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ढकललं तर बिजागरी कुरकुरली, म्हणून तिथेच थांबलो.

खिडकी वीतभर उघडी. तीच वीतभर. फळीवर अक्काचं रोप, कळी काचेकडे. फळीवर पाण्याची गोल वर्तुळं, एकावर एक उमटलेली, जुनी आणि नवी. रंग गेलाय तिथला. आणि ही एका पातळ चादरीत, हात डोक्याखाली, गाढ. कपाळावर घाम नाही, आठी नाही. माझ्या आठवणीत ती अशी झोपलेली गेल्या हिवाळ्याच्या आधी बघितली असेल. थंडीने माझ्या अंगावर काटा आला होता आणि ती मात्र सुखात होती, आणि रोपही.

मी दार होतं तसं केलं आणि परत येऊन पलंगावर बसलो. बावीस अंशांत. मलाही उकडलं.

आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर कुंडी रॅकवर. ठिपका भिंतीकडे.

काय बोलायचं ते ठरायला वेळ लागतो.

१७ जानेवारी

ही बाजारात गेली तेव्हा लेकीच्या खोलीच्या बिजागरीला तेल घातलं.

१९ जानेवारी

अक्काचं रोप वरच्या फळीवर होतं. हिला रोज टाचा उंचावून काढावं लागत असणार. खालच्या फळीवर, अगदी कडेला आणून ठेवलं. विचारलंच तर सांगणार, उजेड इथे चांगला.

विचारलं नाही.

२२ जानेवारी

लेकीच्या खिडकीच्या फळीवर एक बशी ठेवून आलो, वर्तुळं पडू नयेत म्हणून. संध्याकाळी बघितलं तर बशी तिथेच. चहाला ही माझ्या समोर बसली आणि कारण नसताना दोनदा हसली. खारी बिस्किटं आज चार.

रोपाने दांडा काढलाय, करंगळीएवढा. सरळ नाही, किंचित उत्तरेकडे झुकलेला. आता कारण माहीत आहे.

२ फेब्रुवारी

थंडीची लाट. रेडिओवर सांगितलं, आज रात्री बाहेर दोन-तीन अंशांवर उतरेल. उघड्या खिडकीत रोप म्हणजे संपलंच. गारवा मानवतो म्हणून हिमात उभं करायचं नसतं. सात-आठच्या खाली कळी जळते. दांडा वीतभर झालाय, टोकाला कळी फुगून बदामाएवढी. आणि मार्च तोंडावर. आता गेली तर रोपही गेलं.

जेवणं झाल्यावर लेकीच्या खोलीच्या दारावर टकटक केली. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी घरातल्या दारावर टकटक कधी केली नव्हती.

"उघडंच आहे," ही म्हणाली. "हल्ली कुरकुरतही नाही."

मी म्हटलं, "आज खिडकी लाव. आणि त्याला पाणी घालू नकोस. थंडीत कोरडं असलेलं बरं."

"कोणाला हो?"

"जे तुझ्याकडे झोपायला येतं त्याला."

ती पलंगावर बसली होती. आधी तोंडावर हात गेला, मग खांदे हलायला लागले. मलाही आवरेना. दोघं असे हसलो की शेजारच्या घरातून भिंतीवर ठोकलं कोणीतरी.

"कधीपासून कळलंय?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तेल घातलं तेव्हापासून."

"म्हटलं हा माणूस आपणहून बिजागरीला तेल का घालेल. फुलवालीला सांगितलंत ना, कुंडी आपोआप फिरते म्हणून? गाठ पडली होती बाजारात. म्हणाली, वहिनी, सांभाळून फिरवा."

फुलवालीच्या कपाटाचा गॅस मी उगाच पूर्ण भरला.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. हिरवंगार म्हटलं होतं. तुम्ही भिंग आणलंत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उकडतंय म्हटलं, तर तोंडात थर्मामीटर दिलात. मोजलंत मला, विचारलं नाहीत."

मी विचारलं, "अजून उकडतं?"

"रोज. एकदम पोटातून वर येतं, कानांपर्यंत. मग ओसरतं. इथे लवकर ओसरतं."

मी तिच्या शेजारी बसलो. किती वेळा, कधी, किती वेळ टिकतं, सगळं विचारलं. तिने सगळं सांगितलं. वही आणावीशी वाटली होती, पण उठलो नाही.

खिडकी लावली, काचेला आतून जुनं पांघरूण लावलं, कुंडी फळीवरून काढून खुर्चीवर ठेवली. हे पहाटे लिहितोय: खोली नऊवर थांबली. कळी शाबूत. मी इथेच थांबलो होतो. नऊ अंशांना माझे दात वाजतात, ही नवी नोंद.

६ फेब्रुवारी

घरात मोठी उलथापालथ. ठिपकेवाल्या सपाता, रॅक, खडीचे ट्रे आणि हीटर, सगळं लेकीच्या खोलीत. खोली लहान, लवकर तापते, अठरावर बांधली. बावीस नको, पुस्तकांचं म्हणणं बरोबर होतं, मान्य करायला हरकत नाही. लेक सुट्टीला आली की रॅक बैठकीत जाईल. फोनवर ती म्हणाली, "म्हणजे मी आता सपातांची भाडेकरू?"

ही आणि अक्काचं रोप दक्षिणेच्या खोलीत परत. हीटर नाही. दिवसा ऊन येतं, रात्री खिडकी वीतभर. कडीवरची तार मी स्वतः काढली. ती काढताना ही शेजारी उभी राहून बघत होती. "वारा खालून वर दाब देतो म्हणे," म्हणाली.

माझ्यासाठी दोन रजया, पायमोजे आणि कानटोपी.

७ फेब्रुवारी

सकाळी ही म्हणाली, "थंडी वाजत होती का तुम्हाला?"

"छे. साडेबारा होतं. आल्हाददायक."

"मग दात कशाचे वाजत होते?"

"ते घोरणं होतं."

पलंग आता बरोबर मापाचा आहे.

२६ फेब्रुवारी

उमललं. दोन दिवस हळूहळू उघडत होतं, आज पूर्ण. वरची पाकळी पिस्त्याच्या रंगाची, कडेला पांढरी, तिच्यावर तपकिरी ठिपके. खालची सपात मधासारखी, वार्निश लावल्यासारखी चमकते. तळहाताएवढं फूल. भिंगाची गरज नाही.

हिला म्हटलं, "ठिपके आहेत, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"म्हणत होतात," ती म्हणाली. "पानात."

८ मार्च

अक्का आली. पिशवीत रिकामी कुंडी घेऊन आली होती, रोप न्यायला. आत शिरली ती सरळ झोपायच्या खोलीत. कमरेवर हात ठेवून फुलाकडे बघत राहिली. नंतर पिशवीतून फूटपट्टी काढली. आमच्या सासुरवाडीत कोणी कमी नाही.

"माझ्यापेक्षा अर्ध्या बोटाने मोठं आहे," ती म्हणाली. नाइलाजाने.

सिद्धांताचा कागद माझ्या खिशात होता. तो मी काढला नाही.

"कसं जमवलंत भाऊजी?"

"मी नाही," मी म्हटलं. "हिने. रोज रात्री न्यायची, सकाळी आणायची."

अक्का म्हणाली, "ते मला माहीत आहे. नोव्हेंबरात तिला मीच म्हटलं, तुझी झोपायची जागा गार आहे ना, मग तेही ने. तुम्ही कबूल करता का ते बघत होते."

म्हणजे अख्ख्या घराण्याला ठाऊक होतं. फुलवालीसकट.

"न्यायची ती," मी म्हटलं, "पण बिजागरीला तेल मी घातलं. आणि बशी."

"आणि बशी," ही म्हणाली. अगदी गंभीर चेहऱ्याने. "बशी नसती तर काही खरं नव्हतं, अक्का."

अक्काने रिकामी कुंडी परत पिशवीत घातली. "मग हे काही मला मिळत नाही."

"हात तर लावून बघ," ही म्हणाली.

मी मध्ये पडलो. फूल गेल्यावर रोपाला तीन फुटवे राहतील, त्यातला एक अक्काला द्यायचा, म्हणजे तुलना चालू राहील. अक्काने कुंडी पुन्हा बाहेर काढून आमच्याकडेच ठेवली. मी तिच्या काठावर पांढरा ठिपका दिला.

९ मार्च

अक्काच्या रोपातली 'ऊबग' पाटी अजून तशीच होती. काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत 'गार' लिहिलं आणि या वेळी कुंडीत न खोचता झोपायच्या खोलीच्या दाराला लावलं. ही खोली आता कुठल्या घराण्याची आहे ते कायमचं स्पष्ट असावं.

१० मार्च

सकाळी दारावरच्या पाटीवर कोणीतरी अक्षरं वाढवलीत. या वेळी पुढे नाही, मागे: 'हिरवं'. हिरवंगार.

शुद्धलेखन तपासलं. बरोबर आहे.